एमएसमध्ये मेंदू जास्त काम का करतो? रंगीत स्कॅनमागची खरी गोष्ट

कल्पना करा, दोन जण एमआरआय मशीनमध्ये झोपलेत. दोघांनाही काम एकच दिलंय, उजव्या हाताची बोटं ठरावीक तालात हलवायची. बाहेरून बघितलं तर दोघांची बोटं सारखीच हलतायत. पण बाहेरच्या स्क्रीनवर चित्र वेगळं आहे. पहिल्याच्या मेंदूत मुख्यतः डावी बाजू रंगलेली दिसते. दुसऱ्याच्या मेंदूत डावी बाजू तर रंगलीच आहे, शिवाय उजवी बाजूही. या दुसऱ्या माणसाला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस आहे.

हे चित्र मी मनानं रंगवलेलं नाही. २००० साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ‘ब्रेन’ या जर्नलमध्ये जवळपास असाच प्रयोग छापला होता. एमएसचे नऊ रुग्ण घेतले होते. त्यांचा हात एकतर पूर्ण ठीक होता, किंवा अगदी थोडा कमजोर होता. सर्वसाधारणपणे उजवा हात हलवायला मेंदूची डावी बाजू पुरते. या रुग्णांमध्ये मात्र हाताच्याच बाजूचा मेंदूही कामाला लागला होता, आणि तोही निरोगी लोकांच्या तुलनेत सरासरी पाचपट. मज्जातंतूंचं नुकसान जितकं जास्त, तितकी ही जास्तीची हालचालही जास्त.

म्हणजे हात ठीक, पण तो ठीक ठेवण्यासाठी मेंदूचा खर्च वाढलेला.

हा विषय आत्ता काढायचं कारण म्हणजे सप्टेंबर २०२५ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त एमएसच्या निदानाचे सुधारित निकष आले. त्यात एमआरआयवर दिसणाऱ्या डागांच्या जोडीला मेंदूचा प्रतिसाद किती उशिरा येतो, या मोजमापालाही पुन्हा जागा मिळाली आहे. दुसरीकडे सोशल मीडियावर रंगीत मेंदूचे फोटो आणि ‘तुमचा मेंदू ॲक्टिव्ह करा’ छाप जाहिरातींचा पूर आहे. त्यामुळे मेंदूची ‘ॲक्टिव्हिटी’ म्हणजे नक्की काय, ती वाढली तर आनंद मानायचा की काळजी करायची, हे एकदा नीट समजून घेऊया.

तारेवरचं कव्हर निघालं की काय होतं?

आपल्या मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या सिग्नलने बोलतात. हा सिग्नल ज्या लांब तंतूमधून जातो त्यावर मायलिन नावाच्या चरबीयुक्त पदार्थाचं आवरण असतं. चार्जरच्या वायरवर प्लॅस्टिकचं कव्हर असतं तसं म्हणू शकता, पण एक मोठा फरक आहे. मायलिन सलग नसतं, त्यात ठरावीक अंतरावर छोट्या फटी असतात. सिग्नल एका फटीतून दुसऱ्या फटीत जणू उडी मारत जातो. त्यामुळे जाड, मायलिन असलेल्या तंतूंमध्ये वेग सेकंदाला १०० मीटरच्या आसपास जाऊ शकतो. मायलिन नसलेल्या बारीक तंतूंमध्ये तो साधारण सेकंदाला एक मीटर असतो, म्हणजे आपल्या चालण्याचा वेग.

एमएसमध्ये शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा चुकून याच मायलिनवर हल्ला करते. हल्ला मेंदू, पाठीचा कणा किंवा डोळ्यामागची नस, कुठेही होऊ शकतो. म्हणून लक्षणंही प्रत्येकाची वेगळी. कुणाला एका डोळ्याने धूसर दिसतं, कुणाचा पाय जड होतो, कुणाला मुंग्या येतात, कुणाचा तोल जातो. पॅरिसच्या सालपेत्रिएर हॉस्पिटलमधले डॉक्टर ज्याँ-मार्तां शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचं पहिलं स्पष्ट वर्णन केलं. आज जगात २८ लाखांहून जास्त लोकांना एमएस आहे. बायकांमध्ये हे प्रमाण पुरुषांच्या किमान दुप्पट आहे, आणि बहुतेकांना निदान होतं ते विशी ते चाळिशीत. म्हणजे हा म्हातारपणाचा आजार नाही. कॉलेज, पहिली नोकरी, लग्न, पहिलं मूल, या वयातला आहे.

मायलिन गेलं की तो तंतू लगेच मरतोच असं नाही. बऱ्याचदा तो जमेल तसा सिग्नल पाठवत राहतो, पण हळू. शिवाय त्यासाठी ऊर्जाही जास्त लागते. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के असतं आणि तो आपली जवळपास २० टक्के ऊर्जा वापरतो. अशा आधीच महागड्या यंत्रणेत खर्च आणखी वाढतो.

रस्ता बंद, पण गाडी पोचते

मग बोटं सारखीच कशी हलतात? इथे मेंदूची एक भारी गोष्ट कळते. तो रस्ता बदलतो.

समजा मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर टँकर उलटला. पोलीस वाहतूक जुन्या हायवेने वळवतात. पुण्याला पोचलेल्या पाहुण्याला तुम्ही विचारलंत, ‘कसा झाला प्रवास?’ तर तो म्हणेल, ‘पोचलो ना!’ पण त्याच वेळी कुणी वरून ड्रोनने फोटो काढला तर एरवी मोकळा असणारा जुना हायवे गाड्यांनी भरलेला दिसेल. जास्त पेट्रोल जळलं, जास्त वेळ गेला, ड्रायव्हर जास्त दमला. फक्त निकाल तोच, माणूस पुण्यात पोचला.

एमएसमध्ये सुरुवातीच्या काळात बहुतेक असंच होतं. नेहमीची वाट खराब झाली की मेंदू शेजारचे भाग, दुसऱ्या बाजूचे भाग, लक्ष देण्याचं आणि नियोजनाचं काम करणारे पुढचे भाग मदतीला घेतो. हालचालीच्या प्रयोगात हे दिसलं, तसं विचार करण्याच्या प्रयोगांतही दिसलं. रुग्णांना कानावर पडणारे आकडे सलग बेरीज करत जायला सांगितले. मार्क निरोगी लोकांइतकेच पडले, पण मेंदूचा कामाला लागलेला भाग मोठा होता.

आता एक मिनिट थांबा आणि ड्रोनचा तो फोटो पुन्हा आठवा. जुना हायवे गाड्यांनी भरलेला दिसतोय. या एका फोटोवरून सांगता येईल का, की वाहतूक नीट वळवली गेलीये की तिथेही जॅम लागलाय? नाही सांगता येणार. दोन्ही वेळा फोटो सारखाच दिसेल. मेंदूच्या रंगीत स्कॅनची खरी अडचण हीच आहे. पण आधी तो ‘फोटो’ निघतो कसा ते बघूया.

मशीन नेमकं काय मोजतं?

साधा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. एमएसचे डाग त्यातच दिसतात. मेंदूची हालचाल दाखवणारा प्रकार वेगळा, त्याला फंक्शनल एमआरआय किंवा एफएमआरआय म्हणतात. त्यामागचं तत्त्व १९९० मध्ये सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञाने अमेरिकेच्या बेल लॅब्समध्ये दाखवलं. हो, तीच बेल लॅब्स, जिथे ट्रान्झिस्टर आणि युनिक्स जन्माला आले.

गंमत म्हणजे एफएमआरआय मेंदूच्या पेशींचा करंट मोजतच नाही. तो रक्त मोजतो. ऑक्सिजन असलेलं आणि ऑक्सिजन दिलेलं रक्त चुंबकीय क्षेत्रात थोडं वेगळं वागतं. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे ताजं रक्त धावतं, आणि हा फरक मशीन पकडतं. पण फरक जेमतेम काही टक्क्यांचा असतो, आणि रक्ताचा हा प्रतिसाद शिगेला पोचायला पाच-सहा सेकंद लागतात. पेशी मिलिसेकंदांत बोलतात, मशीनला कळतं सेकंदांनी. स्वयंपाकघरात काय शिजतंय ते गॅस सिलिंडर किती उतरला यावरून ओळखण्यासारखं आहे हे. अंदाज बरा येतो, पण तो अंदाजच.

आणखी एक शोध इथे सांगायलाच हवा. १९९५ मध्ये भारत बिस्वाल या तरुण संशोधकाने विस्कॉन्सिनमध्ये दाखवून दिलं, की माणूस मशीनमध्ये काहीही न करता नुसता पडून असतानाही मेंदूचे एकमेकांशी जोडलेले भाग एका लयीत वर-खाली होत असतात. आधी लोक याला निव्वळ नॉइज समजायचे. आज एमएसच्या अभ्यासात ही ‘आरामातली’ जोडणी खूप वापरली जाते. ज्यांना बोटं हलवणंही कठीण जातं अशा रुग्णांचाही अभ्यास त्यामुळे करता येतो.

आणि रंग? ते सॉफ्टवेअर भरतं. मेंदूचे हजारो छोटे चौकोनी तुकडे करायचे, प्रत्येकावर गणित करायचं, ठरावीक मर्यादेच्या वर गेला तो तुकडा लाल-पिवळा. मर्यादा चुकीची ठेवली तर काय होतं, याचा एक भन्नाट किस्सा आहे. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी चक्क एक मेलेला सामन मासा मशीनमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि ‘यांच्या मनात काय भावना आहेत?’ असं विचारलं. गणितातली एक नेहमीची दुरुस्ती मुद्दाम वगळल्यावर मेलेल्या माशाच्या मेंदूतही ‘ॲक्टिव्हिटी’ दिसली! हजारो तुकड्यांवर एकाच वेळी चाचणी केली की काही नुसत्या योगायोगाने पास होतात, एवढंच त्यांना दाखवायचं होतं. या प्रयोगाला २०१२ मध्ये इग नोबेल मिळालं.

म्हणून एफएमआरआय खोटा ठरत नाही. पण रंगीत ठिपका हा गणितातून आलेला निष्कर्ष आहे, कॅमेऱ्याने टिपलेला फोटो नाही. एमएसमध्ये तर आणखी काळजी घ्यावी लागते, कारण आजारामुळे मेंदूतला रक्तप्रवाहच बदलू शकतो. म्हणूनच आज एका रुग्णाचं निदान एफएमआरआयवरून केलं जात नाही. तो गटांचा अभ्यास करण्यासाठीचं संशोधनाचं साधन आहे. कुणी ‘फंक्शनल स्कॅन करून एमएस किती बरा झाला ते सांगतो’ म्हणालं, तर चार प्रश्न विचारा.

जास्त म्हणजे चांगलं?

सुरुवातीच्या वर्षांत संशोधकांचा सूर आशावादी होता. जास्तीची हालचाल म्हणजे मेंदूची भरपाई, म्हणजे चांगली बातमी. काही पुरावे तसे आहेतही. आम्स्टरडॅमच्या संशोधकांनी २०१२ मध्ये स्मरणशक्तीशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागाचा अभ्यास केला. ज्या एमएस रुग्णांची स्मरणशक्ती शाबूत होती त्यांच्यात हालचाल वाढलेली होती, ज्यांची कमी झाली होती त्यांच्यात ती घटलेली होती. चित्र सरळ दिसतं. भरपाई चालू आहे तोवर काम चालतं, भरपाई संपली की घसरण.

पण २०११ मध्येच ‘पीएनएएस’ या जर्नलमध्ये उलट दिशेचा निष्कर्ष आला होता. आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांमध्ये आराम करताना मेंदूच्या भागांची आपसातली जोडणी वाढलेली दिसली. पण ज्यांची जोडणी जास्त वाढली होती, त्यांचीच विचारशक्ती जास्त मंदावलेली होती. म्हणजे इथे ‘जास्त’ हे वाईटाचं लक्षण ठरलं. जुन्या हायवेवर गाड्या खूप आहेत, पण हलत नाहीयेत, असं काहीसं.

या दोन्ही गोष्टी एकत्र बसवणारी एक मांडणी २०१५ मध्ये आम्स्टरडॅमच्याच गटाने केली, ‘नेटवर्क कोसळणं’ या नावाने. नुकसान थोडं असतं तोवर मेंदूचं जाळं दुसऱ्या वाटा वापरून काम भागवतं आणि बाहेरून फारसं काही दिसत नाही. नुकसान साचत जातं. मग एक मर्यादा येते, जिच्या पुढे जाळ्याची कार्यक्षमता झपाट्याने घसरते. आता लक्षणं भराभर दिसायला लागतात. ही एक मांडणी आहे, अंतिम सत्य नाही. पण डॉक्टरांना कित्येक दशकं पडलेल्या एका कोड्याला ती उत्तर देते. कोडं असं, की एमआरआयवर भरपूर डाग असलेला माणूस कधीकधी मस्त चालतो, आणि थोडे डाग असलेला थकून जातो. हे कसं? डाग म्हणजे तुटलेला रस्ता. पर्यायी रस्ते किती उरलेत आणि त्यांच्यावर किती ताण आहे, हे डाग मोजून कळत नाही.

मिलिसेकंदांचा हिशोब

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे सर्व्हर चालू आहे का, एवढं बघून कुणी निश्चिंत होत नाही. उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले हे बघतो. कारण सिस्टिम बंद पडायच्या आधी ती हळू होते.

मेंदूच्या बाबतीत हेच काम करणारी तपासणी जुनी, तुलनेने स्वस्त आणि आपल्याकडे बऱ्याच शहरांत होणारी आहे. तिचं नाव व्हिज्युअल इव्होक्ड पोटेन्शियल, म्हणजे व्हीईपी. तुम्हाला स्क्रीनसमोर बसवतात. स्क्रीनवर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन असतात, ते सतत अदलाबदल करतात. डोक्याच्या मागच्या बाजूला इलेक्ट्रोड लावलेले असतात. चौकोन बदलल्यापासून साधारण १०० मिलिसेकंदांनी तिथे एक ठळक लाट उमटते. डोळ्यामागच्या नसेचं मायलिन खराब झालं असेल तर ही लाट उशिरा येते.

१९७२ मध्ये लंडनच्या हॅलिडे, मॅकडॉनल्ड आणि मुशिन यांनी हे ‘लॅन्सेट’मध्ये दाखवलं. महत्त्वाची गोष्ट अशी, की नजर पूर्ववत झाल्यावरही हा उशीर बऱ्याचदा तसाच राहतो. रुग्ण म्हणतो, ‘आता छान दिसतंय.’ लाट म्हणते, ‘हो, पण उशिराने.’

यातलेच इयन मॅकडॉनल्ड पुढे एमएसचे निकष ठरवणाऱ्या समितीचे प्रमुख झाले, आणि २००१ पासून हे निकष त्यांच्याच नावाने ओळखले जातात. मधल्या काळात एमआरआयचं वर्चस्व वाढलं आणि व्हीईपी मागे पडली. आता २०२५ मध्ये छापून आलेल्या सुधारणेत डोळ्याची नस ही आजाराची पाचवी जागा म्हणून मान्य झाली आहे, आणि तिथलं नुकसान दाखवायला व्हीईपीचा आधार घेता येतो. मॅकडॉनल्ड यांचं पन्नास वर्षांपूर्वीचं मोजमाप त्यांच्याच नावाच्या निकषांत परत आलं. रुग्णाच्या दृष्टीने याचा अर्थ, काही जणांचं निदान आधीपेक्षा लवकर होऊ शकेल.

हेच मिलिसेकंद औषधांच्या शोधातही कामाला येतात. आजची बहुतेक औषधं नवे हल्ले रोखतात, गेलेलं मायलिन परत आणत नाहीत. २०१७ मध्ये क्लेमॅस्टिन या जुन्या ॲलर्जीच्या औषधाची ५० रुग्णांवर चाचणी झाली, आणि व्हीईपीची लाट सरासरी १.७ मिलिसेकंद लवकर यायला लागली. आकडा छोटा वाटेल. पण मायलिनची दुरुस्ती औषधाने होऊ शकते याचा हा मोजता येणारा इशारा होता. लगेच मेडिकलमध्ये जाऊ नका! याच औषधाने आजाराच्या दुसऱ्या, हळूहळू वाढत जाणाऱ्या प्रकारात काही रुग्णांची तब्येत उलट झपाट्याने बिघडली आणि तिथे ते थांबवावं लागलं. मिलिसेकंद सुधारले म्हणजे माणूस सुधारला असं आपोआप होत नाही, हे इथेही लक्षात ठेवायचं.

मग फोनने मोजता येईल का?

आपल्या खिशात सेन्सर भरलेलं यंत्र असताना हा प्रश्न पडणारच. उत्तर आहे, थोडंफार. रोश कंपनीच्या फ्लडलाइट या ॲपची चाचणी ७६ एमएस रुग्ण आणि २५ निरोगी लोकांवर २४ आठवडे झाली. स्क्रीनवरचे टोमॅटो चिमटीत दाबायचे, बोटाने आकार गिरवायचे, चिन्हं आणि आकडे जुळवायचे, फोन खिशात ठेवून चालायचं आणि वळायचं. आम्स्टरडॅममध्ये तर नुसत्या टायपिंगचा अभ्यास झालाय. एका की-वरून दुसऱ्या की-वर जायला किती वेळ लागतो यावरून हाताची आणि विचारांची गती समजते का, ते तपासलं गेलं, आणि संबंध दिसलाही.

याचा फायदा मोठा आहे. न्यूरॉलॉजिस्टची भेट सहा महिन्यांतून एकदा, दहा-पंधरा मिनिटांची. नांदेड किंवा रत्नागिरीहून पुण्या-मुंबईला येणाऱ्यासाठी तर तेवढीही मुश्किल. मधले दिवस कसे गेले याची नोंद फोन ठेवू शकतो.

पण दोन गोष्टी डोक्यात पक्क्या ठेवा. एक, फोन मेंदूची हालचाल मोजत नाही, तिचा परिणाम मोजतो. टायपिंग हळू झालं म्हणजे एमएस असं अजिबात नाही. झोप कमी झाली असेल, स्क्रीनगार्ड फुटला असेल, नाहीतर नवा कीबोर्ड टाकला असेल. दोन, हा डेटा आरोग्याचा आहे. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आरोग्याच्या माहितीला वेगळा, जास्त संवेदनशील असा वर्ग दिलेला नाही. म्हणजे तुमची टायपिंगची लय आणि तुमचा डिलिव्हरीचा पत्ता, दोन्ही एकाच पारड्यात. नोकरी किंवा विम्याच्या वेळी अशी माहिती कुणाच्या हातात असेल, हे ‘आय ॲग्री’ दाबण्याआधी विचारायला हवं.

‘तू तर ठणठणीत दिसतेस!’

आता मुद्द्याचं बोलूया. हे सगळं समजून घेऊन उपयोग काय?

एमएस असलेल्या व्यक्तीला सगळ्यात जास्त ऐकावं लागणारं वाक्य हेच असेल. घरचे म्हणतात, ‘काही झालेलं दिसत तर नाही.’ ऑफिसमध्ये म्हणतात, ‘काल तर प्रेझेंटेशन मस्त दिलंस, आज काय झालं?’ थकवा हे एमएसच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या लक्षणांपैकी एक आहे, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. पण वरचे प्रयोग आठवा. काल दिलेलं प्रेझेंटेशन तुमच्याइतकंच चांगलं असेल. ते देताना तिच्या मेंदूने तुमच्यापेक्षा मोठा भाग कामाला लावला असेल. आज जे दिसतंय ते त्याचं बिल असू शकतं. थकव्याचं पूर्ण कारण एवढंच आहे असं नाही. पण हा आळस नाही, एवढं म्हणायला मोजमापांचा आधार पुरेसा आहे.

उन्हाळ्याचंही तसंच. शरीराचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी मायलिन गेलेल्या तंतूत सिग्नल अडखळू शकतो. जर्मन डॉक्टर विल्हेल्म ऊटहॉफ यांनी १८९० मध्ये याचं वर्णन केलं होतं. विदर्भातल्या मे महिन्यात हे प्रकर्षाने जाणवणार. दुपारी धूसर दिसतं, पाय ओढला जातो, थंडाव्यात बसलं की परत ठीक. बघणाऱ्याला वाटतं नाटक आहे. हा नवा हल्ला नसतो, पण नाटक तर मुळीच नसतं. मात्र नवी लक्षणं २४ तासांपेक्षा जास्त टिकली, तर डॉक्टरांना कळवायलाच हवं.

कायद्याचं काय? २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्पष्ट आहे. हे मोठं पाऊल आहे. पण बरेचसे लाभ ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाच्या दाखल्यावर अवलंबून आहेत. पाय किती हलतो, दिसतं किती, हे टक्क्यांत मांडता येतं. तोच पाय हलवायला मेंदूला किती जास्त राबावं लागतं, ते कुठल्या रकान्यात लिहिणार? माझ्या मते पुढच्या काही वर्षांत या संशोधनाचा खरा कस इथे लागेल. लॅबमध्ये मोजलेला अदृश्य खर्च दाखल्यात, नोकरीच्या वेळेत, परीक्षेच्या जादा मिनिटांत कधी उतरतो, हे बघायला हवं.

आणि ज्यांना स्वतःला एमएस आहे त्यांच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. बरं वाटायला लागलं की औषध सोडायचा मोह होतो. औषधं महाग आहेत, इंजेक्शनं नकोशी होतात, वर कुणीतरी व्हॉट्सॲपवर ‘मुळापासून बरा’ करणारा काढा पाठवलेला असतो. पण बरं वाटणं हा आजार थांबल्याचा पुरावा नाही. कदाचित तुमचा मेंदू अजून पर्यायी रस्त्याने निभावून नेतोय. ते रस्ते शिल्लक आहेत तोवरच हल्ले रोखणाऱ्या औषधांचा सगळ्यात जास्त उपयोग आहे. औषध बदलायचं किंवा थांबवायचं असेल तर ते न्यूरॉलॉजिस्टशी बोलूनच. माहिती आणि आधार हवा असेल तर १९८५ मध्ये मुंबईत सुरू झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया आहे, तिची पुण्यातही शाखा आहे.

थोडक्यात

- एमएसमध्ये मेंदूची हालचाल वाढलेली दिसते, कारण तेच काम करायला त्याला जास्त भाग वापरावे लागतात.
- ‘जास्त’ म्हणजे चांगलं की वाईट, हे फक्त रंगीत चित्रावरून ठरत नाही. माणसाचं काम आणि प्रतिसादाचा वेळ सोबत बघावा लागतो.
- एफएमआरआय संशोधनासाठी आहे, एका रुग्णाच्या निदानासाठी नाही. व्हीईपी मात्र नव्या निकषांमुळे निदानात उपयोगी पडू शकते.
- फोनवरची ॲप नोंदी ठेवायला चांगली, निदान करायला नाहीत. परवानगी देण्याआधी डेटा कुठे जातो ते वाचा.
- बरं वाटतंय म्हणून औषध स्वतःहून बंद करू नका.

तुमच्या ग्रुपमध्ये, वर्गात किंवा टीममध्ये कुणाला एमएस असेल आणि ती म्हणाली, ‘आज नाही जमणार,’ तर पुरावा मागू नका. काम उद्यावर ढकलता येत असेल तर ढकला.